सगळं मलाच ठाऊक होतं

आमच्या घरात काही सापडेनासं झालं की हाक मला येते. खताची पावती, धाकट्याचं लसीचं कार्ड, सासूबाईंचा जुना चष्मा, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. कोणती वस्तू कोणत्या डब्यात, कोणाला कोणती गोळी कधी, गॅसची टाकी कधी लावली, कोणाचं किती देणं बाकी आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. लग्न होऊन आले तेव्हा कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असायची. पुढे ती माझ्याकडे आली, त्या दिवशी या घरात मला जागा मिळाली असं वाटलं होतं. त्यानंतर मी ती कोणाच्या हातात दिली नाही, आणि तिच्याबरोबर येणारी माहितीही दिली नाही. पाहुणे म्हणायचे, "घरची बाई सगळं बघते, बाकीच्यांना घोर नाही." मला ते ऐकायला फार आवडायचं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढच्या सगळ्या चुका त्या आवडण्यातून झाल्या.

आमची वस्ती राहात्याबाहेर, चितळी रस्त्याच्या बाजूला. गोदावरीचा उजवा कालवा नांदूर मध्यमेश्वरहून निघून आमच्या भागात येतो, आणि त्याच्या चाऱ्यांवर इथला ऊस, मका, घास आणि राहात्याचा पेरू वाढला. ज्याची त्याची वस्ती ज्याच्या त्याच्या मळ्यात. दिवसा शेजारच्या वस्तीवरून हाक ऐकू येते. रात्री मध्ये उसाचं रान उभं असतं, बिबट्याच्या भीतीनं कोणी एकटं बाहेर पडत नाही, आणि तेच शेजारघर फार लांब जातं. त्यात शेतीपंपाची लाईट आळीपाळीची, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची लाईट असली की घरचे पुरुष मोटर आणि दारं धरायला शेतात. घरात राहतो आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. काही आडवंतिडवं घडायचं तर बहुतेक वेळा ते याच वेळात घडतं.

मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष. एकदा गटासाठी आपत्तीच्या तयारीचं प्रशिक्षण झालं. आमच्या सीआरपी ताईंनी, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या ताईंनी, फार खटपट करून ते आणलं होतं. मी पुढच्या रांगेत बसून सगळं वहीत उतरवून घेतलं. रुग्णवाहिकेला १०८, पोलिस, आग आणि इतर सगळ्यासाठी ११२, गॅस गळतीला १९०६, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. साप चावला तर काय करायचं आणि काय नाही. घरी येऊन कापडी पिशवी शिवली. तिच्यात टॉर्च, काडेपेटी, मेणबत्त्या, कापूस, पट्टी, तापाच्या गोळ्या, मीठ-साखरेची पुडी, शिट्टी आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स भरल्या. पुढच्या बैठकीला ती पिशवी नेऊन सगळ्या बायकांना दाखवली, आणि मग घरी आणून कपाटावर ठेवली. पोरांनी उचकटू नये म्हणून मुद्दाम उंच ठेवली. सासूबाईंचा हात तिथे पोचत नव्हता, मुलीचाही पोचत नव्हता. पिशवीत काय आहे हे मी गटातल्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं. घरात सांगितलं नव्हतं, कारण घरात मी होतेच की.

आपत्ती म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मोठंच काहीतरी यायचं. गोदावरी पुणतांब्याजवळून जाते, वर नाशिककडे धो धो पाऊस झाला की काठच्या गावांना इशारा येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट सगळ्यांना आठवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, ते टीव्हीवर पाहताना आम्ही जेवणं टाकून बसलो होतो. असलं संकट आमच्या रानात कुठून येणार, आणि आलंच तर सगळं गाव बरोबर असेल, असा माझा हिशेब होता. एका घरापुरती, एका माणसावर येणारी वेळ त्या हिशेबात नव्हती. आणि तो माणूस मी असेन, हे तर कधी डोक्यातही आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. रात्रीच्या लाईटीचा आठवडा होता. मालक विहिरीवर गेले होते, घरातली लाईट गेलेली होती. सकाळच्या अंघोळीच्या पाण्यासाठी गोवऱ्या आत आणून ठेवाव्यात म्हणून मी अंधारातच गोठ्यामागे गेले. टॉर्च पिशवीत, पिशवी कपाटावर. रोजची वाट, रोजचा ढीग, हात सवयीनं आत गेला. कुकरची शिट्टी बसते तसा सूं आवाज आला, तो कानावर पडेपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी दात रुतले होते. मुलगी मोबाईलचा उजेड घेऊन धावत आली तेव्हा तो जाताना दिसला, पाठीवर साखळीसारखे ठिपके. घोणस.

वहीत मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं : घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, पळायचं नाही, हात हलू द्यायचा नाही, अंगठ्या-बांगड्या लगेच काढायच्या आणि सरळ दवाखाना गाठायचा. गटापुढे हेच घडाघडा बोलले होते. आणि त्या घटकेला मी काय ओरडले? "आत्या, काहीतरी बांधा! घट्ट बांधा!" सासूबाईंनी परकराची नाडी ओढून मनगटाच्या वर करकचून आवळली. घोणशीचं विष जिथे उतरतं तिथलं मांस नासवतं, आणि वरून रक्त अडवलं की हाताचं नुकसान वाढतं. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि हाताला वळण असणं यांत किती अंतर आहे ते मला तेव्हा कळलं. एकदा तरी घरात बसून, खोटा खोटा साप चावला असं धरून, आम्ही ते करून पाहिलं असतं तर मुलीनं माझं न ऐकता मला गप्प बसवलं असतं. तिला काही माहीत नव्हतं, म्हणून तिनं आईचं ऐकलं.

नंतर बांगड्यांचं झालं. हात भराभर सुजत होता आणि हिरव्या काचेच्या बांगड्या रुतायला लागल्या होत्या. मुलगी म्हणाली, "मम्मी, फोडू का?" सासूबाईंनी तिचा हात धरला. "असल्या वेळी बांगड्यांचं नाव काढू नकोस. तिचा नवरा अजून शेतात आहे." मला हे खुळचट आहे हे कळत होतं, तरीसुद्धा माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. मालक अंधारात विहिरीवर, आणि इथे माझ्या बांगड्या फोडायच्या, हा विचार मलाही झेपला नाही. शेवटी दवाखान्यात सिस्टरनी एकेक बांगडी पट्टीच्या कापडात धरून फोडली. त्यांना वेळ लागला, कारण तोवर काच मांसात बुडाली होती. त्याचे वळ अजून मनगटावर आहेत. हल्ली आमच्या गटात मी सगळ्यात आधी बांगड्यांबद्दल बोलते. शांत वेळी, सासू-सुना दोघी समोर असताना बोलते, कारण ऐन वेळी ते बोलणं कोणाला जमत नाही. साबणाचं पाणी लावून त्या आधीच उतरवता येतात. सूज चढण्याआधीची पाच मिनिटं तेवढी हाताशी असतात.

आता १०८ ची गोष्ट. मुलगी तेव्हा नववीत होती. नंबर तिला पाठ होता, शाळेत शिकवलेला. तिनं लावला, उचललाही गेला. पलीकडून जिल्हा, तालुका, गाव विचारलं, तिनं सांगितलं. मग विचारलं, जवळची खूण काय? ती म्हणाली, "चितळी रोडला आमची वस्ती." तिच्या दृष्टीनं तो पूर्ण पत्ता होता. आमच्या आडनावाच्या वस्त्या त्या रस्त्याला ओळीनं आहेत. कोणत्या चारीवरून वळायचं, वळणावर काय दिसतं, रस्त्यापासून आत किती, हे तिला सांगता येईना. रोज सायकलवर शाळेत जाणारी मुलगी. पण वाट सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, पाहुण्यांना फोनवर वाट मीच सांगायचे. तिनं बापाला फोन लावला, तर रिंग आतल्या खोलीत वाजायला लागली. ते फोन चार्जिंगला लावून गेले होते. रुग्णवाहिका दुसऱ्याच वळणाला आत गेली. रुग्णवाहिकेवर माझा काही राग नाही, आम्हीच तिला आंधळं करून बोलावलं होतं. शेजारच्या भाऊंची पिकअप मिळाली आणि मी तिच्यातून गेले.

पिकअपमध्ये कोणीतरी कडुलिंबाचा पाला आणून दिला. कडू लागला तर विष चढलं नाही म्हणे. मी चघळला. कडू लागला, आणि मला धीर आला. या खुळ्या धीरापायी माणसं घरी थांबतात आणि जातात. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे, आणि त्यात बहुतेक खेड्यापाड्यांतली, पावसाळ्यातली, शेतात वा घरातच दंश झालेली. विष चढलं का हे पाला सांगत नाही. दवाखान्यात त्यांनी माझं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि न हलवता २० मिनिटं ठेवलं. नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलेलं नव्हतं. मग सलाईनमधून प्रतिविष सुरू झालं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांवर ते एकच औषध चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरज नसते. मण्यार तर झोपेत चावते, दुखतही नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. हे मला आधीही माहीत होतं. माझ्या वहीत होतं.

माझी किडनी सांभाळण्यात डॉक्टर गुंतले होते, तेव्हा घरी काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. माझ्या खऱ्या चुका तिथे आहेत. साप चावणं ही काही चूक नव्हे.

दवाखान्यात सरकारी जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड मागितलं. मालक घरी गेले. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, आणि मी दवाखान्यात. त्यांनी पहारीनं कपाट उचकटलं. आत माझ्या लग्नाच्या शालूखाली, जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेलं रेशनकार्ड होतं. शालूखाली कोण बघतो? त्यांनी सगळं कपाट जमिनीवर उपसलं, आणि कार्ड हाती लागलं नाही ते नाहीच. झेरॉक्स पिशवीत होत्या. पिशवी त्याच कपाटावर, त्यांच्या डोक्यावर होती. त्यांना ती सुताची जुनी पिशवी वाटली. पैशाचंही तसंच. अडीनडीला म्हणून मी तूरडाळीच्या डब्यात तळाशी पैसे ठेवत आले होते. त्या डब्यातली डाळ काढून मुलीनं रोज वरण शिजवलं, आणि बाप शेजाऱ्यांकडून उसने पैसे आणत राहिला.

सासूबाईंना बीपी आणि शुगर. सकाळी दोन गोळ्या, रात्री दोन, मी हातावर ठेवायचे आणि त्या घ्यायच्या. कोणती कशाची हे त्यांना ठाऊक नव्हतं, नावं इंग्रजीत, आणि मी पाकिटं फेकून नुसत्या पट्ट्या एका डबीत ठेवत असे. मी नसताना त्यांनी दोन-तीन दिवस काहीच घेतलं नाही. सून मरणाच्या दारात असताना आपल्या गोळ्यांचं काय विचारायचं, असं त्यांना वाटलं. मग एका सकाळी त्यांनी अंदाजानं घेतल्या, शुगरची गोळी दोनदा, आणि वर उपास केला. गोठ्यात घेरी येऊन पडल्या. मुलीनं साखर चारली म्हणून सावरल्या. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्या कपाळावर खोक होती आणि त्या मलाच म्हणाल्या, "तू नव्हतीस ना, म्हणून." हे वाक्य कौतुकाचं होतं. मला ते लागलं.

आणि गॅस. मुलगी चहा ठेवून गोठ्यात गेली, चहा उतू जाऊन शेगडी विझली, गॅस सुटत राहिला. वास आल्यावर तिनं काय केलं? खिडकी उघडली आणि पंखा लावला. रेग्युलेटर बंद करायचा हे तिला सुचलं नाही, कारण टाकीला हात लावायचा नाही अशी माझी ताकीद होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. अशा वेळी बटण दाबायचं नाही, चालूही करायचं नाही आणि बंदही, कारण ठिणगी दोन्हीकडून उडते. आधी रेग्युलेटर, मग दारं-खिडक्या, मग बाहेर येऊन फोन. आमचा देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खालीच आहे, आणि त्या दिवशी सासूबाई पडून असल्यामुळे दिवा लावायचा राहिला होता. याहून जास्त मला त्यावर लिहिवत नाही.

बरी झाल्यावर मी पहिल्यांदा भांडले. "एवढं घर चालवते, तुम्हाला माझ्या माघारी एक कागद सापडला नाही?" मालक शांतपणे म्हणाले, "तू कधी दाखवलास?" त्यांनीही कधी विचारलं नाही, तेवढा दोष त्यांचा आहे, आणि तो मी त्यांच्या पदरात घातला. पण मी दाखवलं नाही हे खरं होतं. का दाखवलं नाही, हे शोधायला मला फार दिवस लागले. आळस नव्हता. सवडीचा प्रश्नही नव्हता. सगळ्यांना सगळं कळलं तर माझी गरज काय उरेल, अशी एक भीती आत बसलेली होती. सासरी बाईच्या नावावर जमीन नसते, घर नसतं, बँकेत फारसं काही नसतं. तिच्या नावावर असते ती किल्ली आणि घराची नाडी तिला माहीत असणं. ते वाटून टाकायला मन धजत नाही. मला दोष द्यायचा तर जरूर द्या, मात्र कितीतरी घरांत बायका अशाच एकहाती सगळं धरून बसल्या आहेत, आणि त्या आजारी पडल्या, बाळंतपणाला गेल्या, की ते घर उघडं पडतं.

उघडी पडलेली घरं सावरणाऱ्या बायका मला वाचनातून भेटल्या. दवाखान्यात पडल्या पडल्या आणि पुढेही मी लातूरकडच्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल बरंच वाचलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर जे झालं त्याची चर्चा कमी होते. घरं पुन्हा बांधायची, उभी होती ती मजबूत करायची, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीनं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांमध्ये बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. कधी चावडीवर न बसलेल्या बायका सरकारी मदतीचे नियम समजून घेऊन ते घरोघर सांगू लागल्या, भिंतीत कोपऱ्याला आणि वरच्या पट्ट्याला काय घालायचं ते शिकल्या आणि गवंड्याला विचारू लागल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा यांच्यातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही. मला त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली. त्यांचं काम कळलेलं सांगून टाकण्याचं होतं. माझ्याकडे वही होती आणि वही कपाटात होती.

मग मी घरातूनच सुरुवात केली, आणि ते सोपं गेलं नाही. पहिल्यांदा किल्ली खिळ्याला टांगली. बाजारातून येईपर्यंत जीव तिच्यातच. कागदपत्रं चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून दारामागच्या खुंटीला लावली : रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, दोन्ही मुलांचे जन्मदाखले. सांगलीला माझी मावसबहीण आहे, तिच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं तेव्हा कागदांचा लगदा झाला होता. प्लॅस्टिकची पिशवी तिनं सुचवली, आणि प्रत्येक कागदाचा फोटो मुलीच्या आणि माझ्या अशा दोन्ही मोबाईलमध्ये ठेवायला तिनंच सांगितलं. डाळीच्या डब्याचं मालकांना सांगितलं. ते ऐकून त्यांना हसू आलं नाही, वाईट वाटलं.

सासूबाईंच्या गोळ्यांसाठी मी पुठ्ठ्यावर सूर्य आणि चंद्र काढले, खाली एकेक गोळी चिकटवली. त्यांना अक्षर येत नाही पण आकार ओळखतात. आता त्या स्वतः घेतात, आणि मला दाखवून घेतात. रेग्युलेटर काढणं-बसवणं घरात सगळ्यांनी केलं, धाकट्यानंसुद्धा. टाकी घेताना तिच्या कड्याजवळची तारीख बघायला मुलगी शिकली. तिथे एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी त्यापुढचे तीन-तीन महिने. त्या मुदतीनंतर टाकीची तपासणी व्हायला हवी असते, मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही. रबरी नळीवरही साल असतं, पाच वर्षांनी ती बदलायची. आमची त्याहून जुनी निघाली.

वळणावर पेंटरकडून पाटी लावून घेतली. वस्तीचं नाव, चारीचा नंबर, आणि बाण. त्याशिवाय वळणाच्या विजेच्या डीपीवरचा नंबर मुलांना पाठ करायला लावला. फोनवर कसं सांगायचं ते एका कागदावर लिहून फोन चार्जिंगला लावतो तिथेच भिंतीला चिकटवलं : राहात्याहून चितळीकडे निघाल्यावर काय लागतं, कोणत्या हाताला वळायचं, आत किती. सासूबाईंकडूनही ते म्हणवून घेतलं. पहिल्यांदा त्या लाजल्या, मग इतक्या स्पष्ट म्हणाल्या की मीच चकित झाले. त्या या मळ्यात माझ्या कितीतरी आधी आल्या आहेत, वाट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक? त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच.

मालकांचा मोबाईल आता रात्री शेतात बरोबर जातो. बुटाचं मात्र अजून जमत नाही. गमबूट आणलेत, ते गोठ्यात लटकलेत. अंधारात पाऊल टाकण्याआधी काठी आपटायची, हात घालण्याआधी उजेड पाडायचा, हे मी पाळते. टॉर्च दाराशी, सेल दर अमावस्येला बघायचे असं ठरवलंय, कारण तारीख विसरते आणि अमावस्या सासूबाई विसरू देत नाहीत.

एक गोष्ट राहून गेली आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंश बसतो. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या घरातलं एक माणूस दगावलं तर २ लाख रुपये मिळतात. मला काही झालं असतं तर ते मिळू शकले असते, पण आमच्या घरात ही योजना कोणाला माहीत नव्हती. त्यासाठी लागणारा सातबारा काढला तेव्हा त्यावर मालक आणि दीर यांचीच नावं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून, त्याला किती वर्षं लोटली. मालकांजवळ विषय काढला. ते नाही म्हणाले नाहीत, वाटणी झाल्यावर बघू म्हणाले. मी पुन्हा काढणार आहे. किल्ली खिळ्याला टांगणं मला जड गेलं ते याचमुळे, आणि बाईनं सगळी माहिती वाटून टाकावी असं जे सांगतात त्यांनी तिच्या हाती दुसरं काय दिलंय तेही बघावं.

बचत गटात मी हे सगळं सांगितलं, पिशवी आणि कपाटासकट. काही बायका रडल्या, काहींनी घरी जाऊन रेग्युलेटर पोरांच्या हातात दिला. पण कालव्याकडच्या वस्तीवरची एक जण उठून म्हणाली, "ताई, माझे मालक ट्रकवर. महिना महिना घरी नसतात. पोरं चार आणि दीड वर्षांची. मी कोणाला दाखवू?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेजारच्या बाईला दाखव, असं एक जण म्हणाली. तर ती म्हणाली, पैशाचं मी शेजारी सांगणार नाही, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की कागदपत्रांचे फोटो आणि पैशाची माहिती तिच्या माहेरी भावाकडे द्यायची. घराची दुसरी किल्ली, गॅस, पोरांची औषधं आणि १०८ ला सांगायची वाट, हे शेजारच्या वस्तीवरच्या बाईकडे, आणि तिचं हिच्याकडे. अशा दोन-दोन वस्त्यांच्या जोड्या लावायला घेतल्या आहेत. भांडणं असलेल्या वस्त्या आहेत, बांधावरून बोलणं बंद असलेल्या आहेत, तिथे अडतंय. पाटी लावायचं काम मात्र तिच्याच वळणापासून सुरू करतोय, ती सगळ्यात आत राहते.